पहिला आघात : पूलच्या खेळातील ब्रेकविषयी काही विचार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत क्रीडाविभागातर्फे जबलपूर येथे दिलेले भाषण)



ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर आणि नाट्यसंगीतावर व्याख्याने व्हावयाची, त्याच व्यासपीठावरून पूलच्या खेळातील पहिल्या फटक्याविषयी कोणी तासभर बोलणार आहे, हे निमंत्रणपत्रिकेवर वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. विषय लहान आहे, हे मला मान्य आहे. तरीही तो मी आग्रहाने निवडला, त्याला कारण आपल्या मंडळाच्या क्रीडाविभागातच घडणारी एक गोष्ट आहे.

आपल्या खेळाच्या खोलीत नऊ फुटी पूलचे टेबल आहे. तरुण मंडळी त्यावर रोज संध्याकाळी खेळतात. शेजारी कॅरमचे दोन पट आहेत, त्यांभोवती मुली, गृहिणी आणि सेवानिवृत्त मंडळी बसलेली असतात. या दोन टोळ्या एकमेकींत क्वचितच मिसळतात. मुलींपैकी कोणी पूल खेळावयास आलीच, तर डावाच्या आरंभी ती क्यू भावाच्या हाती देते. "ब्रेक तेवढा दादा घेतो, पुढचे मी खेळते," हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. ज्येष्ठांचे उत्तर याहून थोडक्यात असते : "आता हातात तेवढा जोर राहिला नाही." म्हणजे ब्रेक हे बाहुबळाचे काम आहे, अशी एक समजूत आपल्याकडे रुजली आहे आणि त्या समजुतीपायी निम्मे सभासद टेबलाच्या दूर राहतात. ही समजूत कितपत खरी आहे, याची परीक्षा करावी आणि ज्यांना ब्रेक सुधारावयाचा आहे त्यांच्या हाती काही उपयुक्त सूत्रे द्यावीत, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

ज्या नगरात आपण हा विचार करीत आहोत, त्या नगराचा या खेळाच्या कुळाशी निकटचा संबंध आहे, याचे येथे स्मरण करणे उचित होईल. १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीतील लष्करी अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने त्या काळी रूढ असलेल्या पूलच्या एका प्रकारात आणखी रंगीत चेंडू मिसळले आणि त्यातून स्नूकरचा जन्म झाला. हे गृहस्थ पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन नव्हेत. नामसाम्यामुळे तसा घोटाळा पुष्कळदा होतो. वुलिच येथील लष्करी विद्यालयात नव्या, अननुभवी विद्यार्थ्याला 'स्नूकर' म्हणत असत. जबलपूरच्या टेबलावर कोणाचा तरी सोपा फटका चुकला, तेव्हा चेंबरलेनने त्याला हा शब्द लावला आणि तोच खेळाचे नाव होऊन बसला. पुढे १८८२ मध्ये उटकमंडच्या क्लबात या खेळाचे नियम लिहून लावले गेले. तेव्हा टेबलावरच्या या खेळांना आपण परके समजण्याचे कारण नाही. भारताला कोणत्याही खेळातील पहिले वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवून देणारे विल्सन जोन्स हे पुण्यात जन्मलेले. १९५८ मध्ये कलकत्त्यात त्यांनी हौशी बिलियर्ड्सचे जागतिक अजिंक्यपद मिळविले आणि १९६४ मध्ये ते पुन्हा जिंकले. मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ आणि १९८३ असे तीन वेळा तेच पद भूषविले. आजचे पंकज अडवाणी यांचाही जन्म पुण्याचाच. असो. हा इतिहास रम्य असला, तरी आपला विषय ब्रेकचा आहे.

ब्रेक म्हणजे काय, हे कॅरम खेळणाऱ्या मराठी माणसास वेगळे सांगावयास नको. पटाच्या मध्यावर राणीभोवती सोंगट्या रचून पहिल्या फटक्याने त्या फोडावयाच्या, ही क्रिया आपल्या परिचयाची आहे. पूलमध्येही तेच करावयाचे असते. 'एट-बॉल' या प्रकारात पंधरा क्रमांकित चेंडू त्रिकोणी चौकटीत पाच रांगांनी रचतात. आठ क्रमांकाचा काळा चेंडू तिसऱ्या रांगेच्या मध्यभागी असतो. मागच्या रांगेच्या दोन कोपऱ्यांपैकी एकावर भरीव रंगाचा व दुसऱ्यावर पट्ट्याचा चेंडू ठेवावा लागतो. त्रिकोणाच्या शेंड्यावरच्या चेंडूला आपण सोयीसाठी अग्रचेंडू म्हणू. पांढरा चेंडू टेबलाच्या दुसऱ्या बाजूस, लांबीच्या एक चतुर्थांशावर असलेल्या रेषेच्या मागे ठेवून हा व्यूह फोडावयाचा. निदान चार चेंडू कुशनला लागले पाहिजेत किंवा एखादा चेंडू पॉकेटमध्ये गेला पाहिजे, तरच तो ब्रेक नियमानुसार झाला असे मानतात.

मात्र ब्रेकचा हेतू सर्व खेळांत एकच नसतो. स्नूकरमध्ये पहिला फटका घेणारा लाल चेंडूंचा त्रिकोण उधळून देत नाही. तो टोकाच्या लाल चेंडूला ओझरता स्पर्श करतो आणि पांढरा चेंडू कुशनवरून फिरवून परत आपल्या बाजूस, प्रतिस्पर्ध्याला अडचण होईल अशा जागी, आणून ठेवतो. अमेरिकेतील 'स्ट्रेट पूल' या जुन्या प्रकारातही आरंभीचा फटका असाच सावध असतो, कारण तेथे प्रत्येक चेंडू कोणत्या पॉकेटमध्ये घालणार हे आधी सांगावे लागते. एट-बॉल आणि नाइन-बॉल यांत मात्र ब्रेकवर पडलेला चेंडू खेळाडूच्या पदरी पडतो आणि त्याची पाळी चालू राहते. म्हणून तेथे व्यूह फोडणे लाभाचे ठरते. तात्पर्य, फटका किती जोराचा असावा हे खेळाचा नियम ठरवितो, खेळाडूचा दंड ठरवीत नाही. एवढे ध्यानात आले, तरी आपल्या समजुतीचा पाया डळमळू लागतो.

आता जोराविषयी शास्त्र काय सांगते ते पाहू. चेंडूतील गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग एक दशांशाने घटला, तर ऊर्जा जवळजवळ एक पंचमांशाने घटते. यावरून वेगाला महत्त्व आहे हे उघड आहे आणि ते मी नाकारीत नाही. परंतु ही ऊर्जा व्यूहात कशी पोहोचते, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. पूलचा चेंडू सव्वादोन इंच, म्हणजे सुमारे सत्तावन्न मिलिमीटर व्यासाचा असतो. समजा, पांढरा चेंडू अग्रचेंडूला अगदी समोरून लागण्याऐवजी व्यासाच्या चतुर्थांशाने, म्हणजे सुमारे चौदा मिलिमीटर, बाजूला लागला. गणित असे सांगते की, या टकरीत पांढऱ्या चेंडूपाशी सहा टक्के ऊर्जा शिल्लक राहते. तोटा किरकोळ वाटतो. पण त्या सहा टक्क्यांतूनच पांढऱ्या चेंडूला मूळ वेगाच्या चतुर्थांशाइतका वेग मिळतो आणि तो आडवा धावत सुटतो. ताशी वीस मैलांनी मारलेला चेंडू टकरीनंतर पाच मैलांच्या वेगाने बाजूच्या कुशनकडे निघाला, तर तो कोठे जाऊन थांबेल हे कोण सांगणार? पुष्कळदा तो पॉकेटमध्येच जाऊन विसावतो आणि ब्रेक घेणाऱ्याच्या नावावर दोष लागतो.

हीच टक्कर समोरासमोर झाली, तर पांढरा चेंडू आपली बहुतेक ऊर्जा व्यूहाला देतो आणि स्वतः थोडासा मागे उसळून टेबलाच्या मध्याजवळ थांबतो. तेथून पुढचा फटका घेण्यास चोहो बाजू मोकळ्या असतात. म्हणजे जे दोन लाभ आपल्याला हवेत, व्यूहाचा विस्कोट आणि पांढऱ्या चेंडूवर ताबा, ते दोन्ही एकाच गोष्टीतून मिळतात. ती गोष्ट म्हणजे टकरीचा नेमकेपणा.

हा नेमकेपणा किती सूक्ष्म आहे, तेही पाहावे. नऊ फुटी टेबलाचा खेळावयाचा पृष्ठभाग शंभर इंच लांब व पन्नास इंच रुंद असतो. ब्रेकच्या रेषेपासून अग्रचेंडूच्या ठिपक्यापर्यंतचे अंतर पन्नास इंच. एवढ्या अंतरावर चौदा मिलिमीटरांची चूक होण्यास फटक्याची दिशा एका अंशाच्या दोन तृतीयांशानेच ढळावी लागते. सर्व अंग झोकून, दातओठ खाऊन मारलेल्या फटक्यात एवढा ढळ सहज होतो. जोर वाढविण्याच्या भरात खेळाडू ज्याच्यावर खरा जोर अवलंबून असतो, तेच गमावून बसतो.

आपल्याकडे शुभकार्याच्या आरंभी नारळ फोडतात. तो फोडणाराही नेहमी पहिलवान असतो असे नाही. सरावलेली गृहिणी नारळ हातावर तोलते, त्याचा मध्य पाहते आणि त्या रेषेवर बेताचा घाव घालून दोन सारख्या वाट्या करते. नवखा माणूस दहा घाव घालतो, पाणी अंगावर उडवितो आणि शेवटी कवटीचे तुकडे गोळा करीत बसतो. ब्रेकचे मर्म याहून फारसे निराळे नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. ब्रेक सुधारण्याचा पहिला उपाय क्यू हाती घेण्यापूर्वीच करावयाचा असतो आणि तो म्हणजे व्यूहाची नीट रचना. चेंडूंमध्ये केसभर जरी फट राहिली, तरी आघात एका चेंडूतून दुसऱ्यात सलग जात नाही आणि त्रिकोण आळसावल्यासारखा पसरतो. म्हणून चौकट किंचित पुढे नेऊन, मागच्या रांगेच्या पाठीशी बोटे ठेवून, सर्व चेंडू एकमेकांना चिकटले आहेत याची खात्री करावी आणि मगच चौकट अलगद उचलावी. विशेषतः अग्रचेंडू व त्याच्या मागचे दोन चेंडू यांच्यामध्ये प्रकाशाची रेघ दिसता कामा नये. चेंडू मळलेले असतील, तर स्वच्छ फडक्याने पुसावेत. त्याच जागी वर्षानुवर्षे चेंडू रचल्यामुळे कापडाला बारीक खळगे पडतात आणि मग चेंडू आपल्या जागी बसत नाहीत. अलीकडे याकरिता प्लास्टिकचा अत्यंत पातळ साचा मिळतो. त्यात चेंडू आपोआप चिकटून बसतात. आपल्या क्रीडाविभागाने तो अवश्य घ्यावा.

दुसरी बाब पांढऱ्या चेंडूच्या जागेची. नवखे खेळाडू त्याला मागच्या कुशनजवळ ठेवतात. मग हाताचा आधार लाकडी काठावर घ्यावा लागतो, क्यूची मूठ उंच होते आणि क्यू वरून खाली तिरपी उतरते. अशा फटक्याने पांढरा चेंडू कापडावरून उडतो. तो हवेत असताना अग्रचेंडूवर आदळला, तर आणखी उंच उसळतो आणि प्रसंगी टेबलाबाहेर जातो. खोलीत ज्या चेंडूने मागे काच फुटली, तो असाच उडालेला असावा. म्हणून एट-बॉलमध्ये आरंभ करणाऱ्याने पांढरा चेंडू ब्रेकच्या रेषेलगत, मध्याजवळ ठेवावा. तेथे हात कापडावर टेकता येतो आणि क्यू शक्य तितकी आडवी राहते. सराव झाल्यावर जागा बदलून पाहावी. नाइन-बॉलमध्ये नऊ चेंडू समभुज चौकोनात रचतात, अग्रभागी एक क्रमांक आणि मध्ये नऊ क्रमांक. तेथे पुष्कळ निष्णात खेळाडू बाजूच्या कुशनजवळून ब्रेक घेतात, कारण त्या कोनातून बाजूच्या टोकाचा चेंडू कोपऱ्याच्या पॉकेटकडे जाण्याची शक्यता अधिक असते. पण ही पुढची पायरी झाली.

तिसरी बाब क्यूचे टोक चेंडूला कोठे लागावे ही. उजवीडावीकडे मुळीच जाऊ नये. चेंडूच्या उजव्या अंगाला टोक लागले, तर तो नुसता फिरत नाही, किंचित डावीकडे सरकतही जातो. वर सांगितलेला अंशाचा अंश येथेच निसटतो. उंचीच्या दृष्टीने मध्यावर किंवा मध्याच्या अगदी किंचित खाली फटका द्यावा. असा चेंडू कापडावरून घसरत जातो आणि टकरीच्या क्षणी त्याला पुढचा वा मागचा फेर जवळजवळ नसतो. पांढरा चेंडू टकरीनंतर फार मागे येत असेल, तर टोक केसभर वर घ्यावे. तो पुढे घुसत असेल, तर केसभर खाली आणावे. या लहानशा फरकावरच पुढच्या पाळीचे भवितव्य अवलंबून असते.

चौथी बाब शरीराची. पाय नेहमीपेक्षा थोडे अधिक फाकवून स्थिर उभे राहावे. आधाराचा हात चेंडूपासून नेहमीपेक्षा दोन-तीन इंच दूर ठेवावा, म्हणजे क्यूला वेग घेण्यास वाव मिळतो. मागच्या हाताची पकड सैल असावी. मूठ आवळली की मनगट, कोपर आणि खांदा हे तिन्ही ताठरतात आणि ताठर हाताला वेग येत नाही. तीन-चार संथ पूर्वझोके घ्यावेत, शेवटच्या झोक्यात क्यू मागे नेऊन निमिषभर थांबावे आणि तेथून वेग क्रमाने वाढवीत नेऊन चेंडूशी गाठ पडेल तेव्हा तो शिखरावर असावा. फटक्यानंतर क्यू चेंडूच्या जागेच्या पुढेपर्यंत सरळ जाऊ द्यावी. मध्येच ती रोखली, तर वेग आधीच मंदावू लागला होता असे समजावे. छाती उचलली जाणे, अंग पुढे जाणे हे वेगाचे परिणाम आहेत. कारण समजून त्यांची नक्कल करू नये. नजर कोठे असावी याबद्दल जाणकारांत दोन मते आहेत. शेवटच्या क्षणी अग्रचेंडूकडे पाहावे असे बहुतेक सांगतात, तर काहींना पांढऱ्या चेंडूवर दृष्टी ठेवणे मानवते. दोन्ही करून पाहावे आणि जे आपल्याला साधेल ते कायम करावे. मात्र फटका सुरू झाल्यावर नजर एकीकडून दुसरीकडे उडवू नये.

जोर किती लावावा, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, सोळा आण्यांपैकी बारा आणे. चार आणे राखून ठेवावेत, त्यांतून नेमकेपणा विकत घेता येतो.

साहित्याविषयी फार बोलण्याची गरज नाही. ब्रेकसाठी कठीण टोकाची वेगळी क्यू मिळते आणि स्पर्धेतील खेळाडू ती वापरतात. आपल्याला मंडळाची साधी क्यू पुरे. ती सरळ आहे का, हे टेबलावर लोळवून पाहावे. टोकाला चॉक लावावा. जड क्यू घेतली म्हणजे ब्रेक जोराचा होतो ही समजूतही तपासून घ्यावी. ज्या वजनाने हात मंदावतो, ते वजन उपयोगाचे नाही. हलक्या हाताच्या माणसाला हलकी क्यूच अधिक वेग देते.

आता सरावाची पद्धत सांगतो. यासाठी पंधरा चेंडू रचण्याची आरंभी आवश्यकताच नाही. अग्रचेंडूच्या ठिपक्यावर एकच चेंडू ठेवावा आणि ब्रेकच्या रेषेवरून तो समोरासमोर, मध्यम वेगाने मारावा. टक्कर नेमकी झाली, तर पांढरा चेंडू त्या ठिपक्यापाशी खिळल्यासारखा थांबेल. तो डावीकडे सरकला, तर तो अग्रचेंडूच्या डाव्या अंगाला लागला. उजवीकडे सरकला, तर उजव्या अंगाला. गुरूवाचून चूक दाखविणारी याहून सोपी कसोटी मला माहीत नाही. दहापैकी आठ वेळा पांढरा चेंडू थांबू लागला की वेग एक पायरी वाढवावा. ज्या वेगाला तो पुन्हा बाजूस पळू लागेल, त्याच्या अलीकडचा वेग हा आज आपला ब्रेकचा वेग समजावा. महिन्याभराने तीच सीमा पुढे सरकलेली आढळेल. त्यानंतर पूर्ण व्यूह रचून दहा ब्रेक घ्यावेत आणि वहीत तीनच गोष्टी टिपाव्यात : पांढरा चेंडू कोठे थांबला, किती चेंडू पडले आणि फुटलेल्या व्यूहात गुंतलेले किती राहिले. आजकाल प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असतो. बाजूने चित्रण करून संथ गतीने पाहिले, तर चेंडू उडाला की नाही, मूठ उंचावली की नाही, हे डोळ्यांना दिसते. पूर्वीच्या खेळाडूंना ही सोय नव्हती.

माझे म्हणणे केवळ गणिताचे नाही, याची साक्ष जागतिक स्पर्धांतूनही मिळते. २००१ च्या अमेरिकन खुल्या नाइन-बॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कोरी ड्युएल या अमेरिकन तरुणाची गाठ फिनलंडच्या मिका इमोनेन याच्याशी पडली. इमोनेन त्याच वर्षीचा जागतिक विजेता. ड्युएलने सर्व शक्तीनिशी व्यूह उधळण्याचा प्रघात सोडून मंद, मोजका ब्रेक घेतला. कोणता चेंडू कोणत्या पॉकेटकडे जाणार आणि पांढरा चेंडू कोठे उरणार, हे जणू आधीच ठरवून तो खेळत होता. सामना त्याने अकरा विरुद्ध शून्य असा जिंकला. पुढे अशा मंद ब्रेकला आळा घालण्यासाठी काही स्पर्धांना ठराविक संख्येचे चेंडू रेषा ओलांडून यावेत किंवा पॉकेटमध्ये पडावेत असे नियम करावे लागले आणि ब्रेक कोठून घ्यावयाचा याचीही चौकट आखावी लागली. ज्या हळुवार फटक्याला रोखण्यासाठी नियम करावे लागतात, त्याला दुबळा कोण म्हणेल?

दुसरी साक्ष ॲलिसन फिशर यांची. इंग्लंडच्या या खेळाडूने १९८५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, स्त्रियांचे जागतिक स्नूकर विजेतेपद मिळविले आणि पुढे ते वारंवार राखले. १९९५ मध्ये त्या अमेरिकेत पूल खेळावयास गेल्या. म्हणजे ज्या खेळात ब्रेक हळुवार असतो, तो सोडून ज्या खेळात व्यूह फोडावा लागतो त्यात त्या उतरल्या. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, त्या नाइन-बॉलच्या जागतिक विजेत्या झाल्या आणि नंतर आणखी तीन वेळा त्यांनी ते पद मिळविले. त्यांच्यासाठी कोणा दादाने ब्रेक घेतला नव्हता.

हे सांगताना मी एक गोष्ट लपवीत नाही. दोन खेळाडूंचा नेमकेपणा सारखाच असेल, तर ज्याचा वेग अधिक त्याला लाभ मिळतो. अमेरिकेचा शेन व्हॅन बोएनिंग, जो २०२२ मध्ये नाइन-बॉलचा जागतिक विजेता झाला, त्याचा ब्रेक दोन्ही गुणांनी युक्त आहे आणि म्हणूनच तो एवढा प्रभावी ठरतो. तरुणांनी तेथवर जाण्याची आकांक्षा जरूर बाळगावी. पण पायऱ्यांचा क्रम बदलू नये. नेमकेपणावर वेग चढविता येतो. वेगाची सवय झालेल्या हाताला नेमकेपणा शिकविणे मात्र फार जड जाते. आपल्या खोलीतील धडधाकट तरुणांचे ब्रेक मी पाहतो, तेव्हा आवाज मोठा होतो, पण पाचांतून दोनदा पांढरा चेंडू पॉकेटमध्ये जातो आणि प्रतिस्पर्ध्याला तो रेषेमागे हवा तेथे ठेवून खेळण्याची संधी मिळते. ज्या ब्रेकचे फळ दुसरा खातो, त्याच्या आवाजाचे कौतुक किती करावे?

कॅरमच्या पटावर बसणाऱ्या भगिनींना मला विशेषत्वाने सांगावयाचे आहे. सोंगट्यांच्या रचनेतील कोणत्या जागी स्ट्रायकर लागला म्हणजे कोणती सोंगटी कोणीकडे सुटते, याचे जे ज्ञान तुमच्या बोटांत आहे, तेच ब्रेकचे भांडवल आहे. तेथे तुम्ही बोटाने तोलता, येथे क्यूने तोलावयाचे. पहिले पंधरा दिवस क्यू परकी वाटेल. पण एका चेंडूवरचा तो सराव रोज वीस मिनिटे केलात, तर दोन महिन्यांत तुमचा ब्रेक कोणाही तरुणाच्या तोडीस येईल असा माझा विश्वास आहे. ज्येष्ठांनाही हेच निवेदन. गुडघे आणि कंबर सांभाळून खेळता येईल असा हा खेळ आहे आणि बारा आणे जोरही ज्यांना अधिक वाटतो, त्यांनी दहा आण्यांनी खेळावे. व्यूह फुटेल, याविषयी निश्चिंत असावे.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे मी दोन नम्र सूचना ठेवून रजा घेतो. पहिली अशी की, रविवारी दुपारचे दोन तास टेबल नवशिक्यांसाठी राखून ठेवावे आणि त्या वेळी तरुणांपैकी दोघांनी चेंडू रचून द्यावेत व चूक दाखवावी. दुसरी सूचना सुवर्णमहोत्सवी स्पर्धेच्या नियमांबाबत आहे. त्या नियमांत एक वाक्य वाढवावे : प्रत्येक खेळाडूने आपला ब्रेक आपणच घ्यावा. आरंभी काही ब्रेक फसतील, काही डाव लांबतील, प्रेक्षकांना थोडी वाट पाहावी लागेल. पन्नास वर्षांपूर्वी या परप्रांतात मोजक्या मराठी कुटुंबांनी मंडळ स्थापन केले, तेव्हा त्यांच्याही हाती फारसे बळ नव्हते. पण पहिला फटका त्यांनी दुसऱ्या कोणावर सोपविला नाही. त्यांच्या लेकीसुनांनी आणि नातींनी तो सोपवू नये, एवढीच इच्छा व्यक्त करतो.